लिप बाम रवाळ होतोय, काय चुकतंय?

मंडळी, सध्या घरी लिप बाम करायचा नाद लागलाय. एका वेळी ३० ग्रॅमच करते, म्हणजे ५ ग्रॅमच्या सहा डब्या. मधमाशीचं मेण ६ ग्रॅम, शिया बटर १० ग्रॅम, बदाम तेल १४ ग्रॅम. आधी चमच्याने मोजायचे, तेव्हा कधी लोण्यासारखा तर कधी मेणबत्तीसारखा व्हायचा. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा आणला आणि ती कटकट संपली.

आता नवीन दुखणं. पहिला घाणा गुळगुळीत. दुसरा त्याच सामानाचा, पण चौथ्या दिवशी बोट फिरवलं तर बारीक रवा लागला. नखाने एक कण काढून चिमटीत चोळला, लगेच विरघळला. वास खवट नाही. एकच फरक आठवतो: मध्येच फोन आला, भांडं गरम पाण्यातच राहिलं. कडेने गोठायला लागलं होतं, ते जरासं गरम करून तसंच ओतलं.

टाकून देऊ का? आणि डबीत मधोमध खड्डा पडतो, त्याचं काय करू? (मध घालून पाहिला होता. तेलात मिसळतच नाही, तळाशी थेंब जमले. तो विषय बंद.)

प्रतिसाद:
अजिबात टाकू नका. चिमटीत विरघळला म्हणजे कण मेणाचा नाही, मेणाला ६२ ते ६४ अंश लागतात. हा शिया बटरचा. त्यात वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे स्निग्ध घटक असतात. सावकाश निवलं की कडक घटक आधी गोठून त्यांचे कण होतात. तुम्ही नंतर 'जरासं' गरम केलंत तिथेच गडबड झाली, कण पुरते वितळलेच नाहीत. सगळं पुन्हा गरम पाण्यावर नितळ होईपर्यंत वितळवा, वर दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग ओतून लगेच फ्रिजमध्ये. फक्त भांड्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. बाममध्ये पाणी नाही म्हणून तर प्रिझर्वेटिव्हशिवाय भागतं.

आणखी एक प्रतिसाद:
खड्डा पडणारच. कडा आधी गोठतात, मधला भाग शेवटी आकसतो. थोडं मिश्रण मागे ठेवा आणि वरचा थर धरला की भर घाला. सुगंधासाठी लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल मात्र नको, उन्हात ओठ भाजतात.

मूळ प्रश्नकर्ती:
तीन डब्या वितळवून पाहिल्या. आज आठवा दिवस, अजून रवा नाही. उरलेल्या तीन मुद्दाम तशाच ठेवल्यात, शेजारी शेजारी बोट फिरवून बघते रोज. भर घालायची मात्र विसरले, खड्डे आहेत तिथेच आहेत.