पहिल्या लोकसभेत ग्वाल्हेरचा खासदार कोण: देशपांडे की खरे? (१९५१-५२ ची निवडणूक)

लष्करकर (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी वाचनालयासाठी फलक करतोय: पहिल्या लोकसभेपासूनचे ग्वाल्हेरचे खासदार, पक्ष आणि वर्षं. पहिल्याच ओळीला अडलोय.

एका यादीत १९५२ पुढे विष्णु घनश्याम देशपांडे आहेत, दुसरीत डॉ. ना. भा. खरे. पक्ष दोघांचाही हिंदू महासभा. निवडणूक आयोगाच्या १९५१-५२ च्या अहवालात 'मध्य प्रदेश' उघडलं तर नागपूर, अमरावती दिसतात, ग्वाल्हेरचा पत्ताच नाही. आणि देशभरातलं मतदान एका तक्त्यात ६१ टक्के, दुसऱ्यात ४५. एवढा फरक कसा? फलकावरून शाळेची मुलं उतरवून घेतात, म्हणून चुकीचं काही जायला नको.

राजवाड्याजवळ (इंदूर)

आधी राज्याचं बघू, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. १९५२ चा मध्य प्रदेश म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन हे सगळं तेव्हा 'मध्य भारत' या वेगळ्या 'ब' वर्ग (जुन्या संस्थानांचं मिळून झालेल्या) राज्यात होतं. ते पान उघडा. मध्य भारतात मतदारसंघ ९, जागा ११, कारण मुरैना-भिंड आणि शाजापूर-राजगढ हे दोन द्विसदस्य (प्रत्येकी दोन खासदार निवडणारे) होते. बाकीचे ग्वाल्हेर, गुना, उज्जैन, इंदूर, निमाड, झाबुआ आणि मंदसौर. मंदसौरमधून कैलाशनाथ काटजू आले, जे त्याच लोकसभेत गृहमंत्री आणि मग संरक्षणमंत्री होते. इंदूरचे नंदलाल जोशी. काँग्रेसला ११ पैकी ९, उरलेल्या दोन हिंदू महासभेला.

तुमचा घोळ त्या दोन जागांतच आहे. ग्वाल्हेर आणि गुना या दोन्हीकडे देशपांडेच उभे होते आणि दोन्हीकडे निवडून आले. एका माणसाला सभागृहात दोन जागा ठेवता येत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७० प्रमाणे ठरलेल्या मुदतीत एक सोडून बाकीच्यांचा राजीनामा द्यावा लागतो. तो दिला नाही तर सगळ्याच जागा रिकाम्या होतात. देशपांड्यांनी गुना ठेवलं, ग्वाल्हेर सोडलं. तिथे १९५२ मध्येच पोटनिवडणूक झाली आणि महासभेचेच खरे निवडून आले. हे तेच डॉ. खरे, १९३७ मध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले आणि पुढे अलवार संस्थानचे दिवाण. म्हणजे तुमच्या दोन्ही याद्या बरोबर आहेत. पहिली सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल सांगते, दुसरी सभागृहात प्रत्यक्ष कोण बसलं ते. खात्री करायची असेल तर त्या काळची लोकसभेची कामकाजपत्रं काढा. देशपांड्यांच्या नावापुढे कंसात 'गुना' आहे, खऱ्यांच्या नावापुढे 'ग्वालियर'.

याच कारणाने आणखी एक गोष्ट जपून लिहा. देशभरच्या निकालातला 'हिंदू महासभा ४' हा आकडा जागांचा आहे. निकालाच्या दिवशी त्या चार जागांवर माणसं तीनच होती: देशपांडे (दोन जागा), हुगळीचे निर्मलचंद्र चटर्जी आणि उत्तर प्रदेशातल्या गोंडा पश्चिममधून शकुंतला नायर. खरे आल्यावर माणसंही चार झाली.

आकडेमोडे

टक्केवारीचं मी सांगतो. दोन्ही आकडे एकाच माहितीतून निघतात, छेद तेवढा वेगळा.

वैध मतं १०,५९,५०,०८३. मतदार १७,३२,१२,३४३. सरळ भागाकार केला की ६१.१७ टक्के. पण हा भागाकारच चुकीचा आहे, कारण वर मतं आहेत आणि खाली माणसं. तेव्हा ४०१ मतदारसंघांतून ४८९ जागा भरायच्या होत्या: ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य आणि बंगालमधला उत्तर बंगाल हा एकच त्रिसदस्य. (३१४ + १७२ + ३ = ४८९.) द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मतं होती, उत्तर बंगालमध्ये तीन. म्हणून छेदात माणसांऐवजी 'देता येण्याजोगी मतं' घ्यायला हवीत.

कागदावर करून बघा. दर जागेमागे सरासरी ३.५४ लाख मतदार. द्विसदस्य १७२ जागांमागे सुमारे ६.०९ कोटी मतदार, त्यांचं प्रत्येकी एक जादा मत. उत्तर बंगालचे अंदाजे १०.६ लाख, त्यांची दोन-दोन जादा, म्हणजे २१ लाख. एकूण १७.३२ + ६.०९ + ०.२१ = २३.६२ कोटी. आता १०.५९५ ला २३.६२ ने भागा, ४४.८५ येतं. सरासरी धरूनही छापील आकड्याच्या इतकं जवळ जातं.

फलकावर 'सुमारे ४५ टक्के' लिहा. दुसरं मत वापरलंच नाही असेही मतदार असणार, त्यामुळे केंद्रावर आलेल्या माणसांचं प्रमाण याहून थोडं वरच असेल. ग्वाल्हेर एकसदस्य असल्याने त्याची टक्केवारी सरळ भागाकाराने बरोबर येते. शेजारच्या मुरैना-भिंडला मात्र तसं करू नका. काँग्रेसच्या ३६४ जागा आणि ४४.९९ टक्के मतं लिहिणार असाल तर हेही ध्यानात असू द्या की ती टक्केवारी मतांची आहे, माणसांची नव्हे.

मतदारसंख्येबद्दलही एक सांगायला हवं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. यादीसाठी माणसं घरी आली तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच लिहवून घेतलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या. नाव सांगायला जादा मुदत देऊनही जवळपास २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. ही संख्या ज्या राज्यांत जास्त होती त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेशाबरोबर आपला मध्य भारतही होता. त्यामुळे तेव्हाचे आपल्याकडचे स्त्री-मतदारांचे आकडे नंतरच्या वर्षांशी ताडून बघताना हे लक्षात घ्यावंच लागतं.

मांडवीकर (वडोदरा)

वरचं सगळं पटलं. तारखांची भर घालतो, कारण फलकावर वर्षं यायची आहेत. मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२. पहिली बैठक १३ मे १९५२. घटनेच्या कलम ८३ प्रमाणे पाच वर्षं मोजायची ती पहिल्या बैठकीपासून, मतदानापासून नव्हे. तो हिशेब मे १९५७ पर्यंत जातो, पण दुसरी निवडणूक आधीच उरकली होती, म्हणून ४ एप्रिल १९५७ ला सभागृह विसर्जित झालं. सदस्य मोजाल तर ४९९ भरतील. ४८९ निवडून आलेले आणि १० नेमलेले: जम्मू-काश्मीरचे ६, अँग्लो-इंडियन २, अंदमान-निकोबारचा १ आणि आसामच्या आदिवासी भागाचा १.

फलकावर चित्र काढणार असाल तर हातात शिक्का धरलेला मतदार काढू नका. तेव्हा मतपत्रिकेवर उमेदवारांची नावंच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि कोरी चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. काँग्रेसच्या पेटीवर बैलजोडी, महासभेच्या पेटीवर घोडेस्वार, जनसंघाच्या पेटीवर दिवा. द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही चिठ्ठ्या एकाच उमेदवाराला देता येत नसत. नावांच्या यादीवर शिक्का मारायची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत १९६२ पासून आली.

आणि जाता जाता आमच्या गावचा मान: पहिले सभापती दादासाहेब मावळंकर बडोद्यात जन्मले. १५ मे १९५२ ला त्यांच्या बाजूने ३९४ आणि विरोधात ५५ मतं पडली. विरोधकांनी पुढे केलेलं नाव शंकर शांताराम मोरे. दोन्ही नावं मराठी!

लष्करकर (ग्वाल्हेर)

मनापासून आभार. ओळ अशी केली आहे:

'पहिली लोकसभा (१३ मे १९५२ ते ४ एप्रिल १९५७), राज्य मध्य भारत. वि. घ. देशपांडे, हिंदू महासभा, निवडून आले, गुना ठेवून जागा सोडली. डॉ. ना. भा. खरे, हिंदू महासभा, १९५२ च्या पोटनिवडणुकीपासून.'

१९५७ ची ओळ याच्याच खाली, त्याच रकान्यात चालेल का?

राजवाड्याजवळ (इंदूर)

ओळ उत्तम. फक्त राज्यापुढे '१ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेश' जोडा. त्या दिवशी मध्य भारत संपला, सभागृह मात्र तेच राहिलं.

१९५७ ला त्याच रकान्यात नको. मधल्या काळात परिसीमन होऊन हद्दी बदलल्या. नाव ग्वाल्हेरच राहिलं तरी मतदारसंघ तोच नाही, मतं एकाखाली एक लिहिली की मुलं वजाबाकी करायला बसतील. मध्ये जाड रेघ ओढून 'नव्या हद्दी' असं लिहा. गुन्याचा फलक करणार असाल तर तिथेही हेच करा. तिथे १९५२ ला महासभेचे देशपांडे आहेत आणि १९५७ ला काँग्रेसच्या विजयाराजे शिंदे. हो, काँग्रेसच्याच, तिथे पक्ष बदलून लिहू नका.