पुण्यात बसून एस्टोनियाची कंपनी: शहाणपणा की फुकटचा व्याप?

कोथरूडचा_कोडर (धागाकर्ता)
एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतली, म्हणजे परदेशात बसून तिथली कंपनी ऑनलाइन चालवायला मिळणारं डिजिटल ओळखपत्र. दिल्लीच्या दूतावासात जाऊन बोटांचे ठसे दिले, कार्ड आणि पिन हातात पडले. आता घरच्या टेबलावरून कंपनी नोंदवतोय. सरकारी शुल्क 265 युरो, सही कार्डाने, आणि 2023 पासून भांडवलाची 2500 युरोंची अटही गेली. एक सेंटसुद्धा चालतो! नफा कंपनीतच ठेवला तर कर शून्य, बाहेर काढाल तेव्हाच 22 टक्के. माझे तिन्ही ग्राहक युरोपातले आहेत. मग मी इथे 30 टक्क्यांच्या टप्प्यात का बसायचं? बाहेर कमावणाऱ्याने प्रोप्रायटरशिप (स्वतःच्याच नावावरचा एकट्याचा धंदा) चालवणं हा निव्वळ भाबडेपणा आहे असं माझं मत. खोडून काढा.

ठाण्याची_सीए
काढते. कार्डामुळे तुम्ही ई-रहिवासी झालात. करापुरते तुम्ही अजून पुण्याचेच. त्या कार्डावर तिथे राहताही येत नाही.

कंपनी एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनला नोंदली, पण चालवतं कोण आणि कुठून? कोथरूडच्या खोलीतून तुम्ही. भारत आणि एस्टोनियामधल्या कर-करारात 'व्यवस्थापनाची जागा' असली की परदेशी कंपनीचं इथे 'कायम ठाणं', म्हणजे करपात्र ठरणारी धंद्याची पक्की जागा, धरता येतं. त्या ठाण्याच्या नफ्यावर कर इथे, आणि दर परदेशी कंपनीचा: 35 टक्के, वर अधिभार आणि उपकर. 2024 पर्यंत तो 40 होता. म्हणजे 30 टळावेत म्हणून निघालात आणि 35 गळ्यात घेतलेत. पुढे लाभांश काढाल तो तुमच्या उत्पन्नात धरून पुन्हा कर, आणि एस्टोनियाचे 22 आहेतच.

कोथरूडचा_कोडर
पण 50 कोटींखाली उलाढाल असेल तर तो 'प्रभावी व्यवस्थापन' वाला नियम (कारभार भारतातून चालला तर कंपनी भारताची धरायची) लागू नाही. 2017 चं परिपत्रक मी वाचलंय.

ठाण्याची_सीए
वाचलंत ते बरोबर, लावलंत ते चुकीच्या जागी. ते परिपत्रक कंपनी भारताची निवासी ठरते का, एवढ्याच प्रश्नासाठी. निवासी ठरली तर जगभरच्या उत्पन्नावर कर. नाही ठरली तरी इथल्या ठाण्याला जोडता येईल त्या नफ्यावर कर लागतोच. आणि कोड लिहिणारे, ग्राहकाशी बोलणारे, बिल पाठवणारे सगळे तुम्हीच असाल तर तालिनच्या वाट्याला उरलं काय? भाड्याचा पत्ता.

सांगलीची_मैना
ताई, तुमचं गणित मान्य, निष्कर्ष नाही. आमची एस्टोनियाची कंपनी आहे आणि ती कर वाचवायला काढलेली नाही. एका जर्मन ग्राहकाचा खरेदी विभाग भारतीय विक्रेत्याची नोंदणी करायलाच तीन महिने लावत होता. युरोपातली कंपनी, युरोपातला व्हॅट क्रमांक, युरोपातलं खातं म्हटल्यावर तेच काम आठवड्यात. पेमेंट गेटवेची कटकटही गेली. जी माणसं परदेशी कंपनी म्हटली की लगेच पनामासारख्या करचुकव्यांच्या अड्ड्याकडे बोट दाखवतात, त्यांनी कधी परदेशी ग्राहकाच्या मागे पैशासाठी फिरून बघावं.

ठाण्याची_सीए
तुमच्याकडे कारभार कोण बघतं?

सांगलीची_मैना
माझी भागीदार. ती तालिनलाच राहते, संचालकही तीच.

ठाण्याची_सीए
मग तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं झालं की!

म्युनिकचा_पाव्हणा
हा फक्त आपल्या आयकर खात्याचा खवचटपणा आहे असं समजू नका. मी जर्मनीत राहून हाच विचार केला होता. इथलं फिनान्झआम्ट, म्हणजे कर कार्यालयही हेच विचारतं की निर्णय कुठे होतात. म्युनिकमधून चालवलेली एस्टोनियन कंपनी इथे करपात्र. स्टॉयरबेराटर, म्हणजे इथली करसल्लागार मंडळी याच एका वाक्याची फी घेतात, तुम्हाला फुकट मिळतंय.

नाशिकचा_घाटवळण
माझा मासला ऐका, देश वेगळा आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली. जाहिरात: 'दहा मिनिटांत अमेरिकन कंपनी'. खरंच पटकन झाली. दरवर्षी 1 जूनपर्यंत 300 डॉलर राज्याला, तेवढं माहीत होतं. परदेशी मालक एकटा असेल तर अमेरिकी कर खात्याचा माहिती देण्याचा फॉर्म 5472 भरावा लागतो, नाही भरला तर दंड 25,000 डॉलर, हे नोंदणी करून देणाऱ्याने सांगितलंच नाही. माझी वर्षाची कमाई तेवढी नव्हती! वेळेत कळलं म्हणून वाचलो. कंपनी काढणं दहा मिनिटांचं, बंद करताना मला आठ महिने लागले.

कोथरूडचा_कोडर
एस्टोनियात निदान सगळं ऑनलाइन आहे. वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत, बस.

ठाण्याची_सीए
तिकडचं सांगताय, इकडचं? रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांत हे परदेशात केलेली गुंतवणूक म्हणून मोडतं. बँकेमार्फत त्या गुंतवणुकीचा फॉर्म एफसी, त्यावर यूआयएन (गुंतवणुकीचा ओळख क्रमांक), मग पैसे पाठवायचे. सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा, आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा तो वेगळाच. काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात तो दडवला तर दंड 10 लाख. 2024 च्या ऑक्टोबरपासून एकूण 20 लाखांपर्यंतच्या, जमीन-घर सोडून इतर मालमत्तेला सूट आहे, पण त्या आकड्यावर भिस्त ठेवून तक्ता कोरा सोडणाऱ्यांची मला कीव येते.

तुलनेला इथला मार्ग बघा. जीएसटीत एलयूटी (निर्यातदाराचं हमीपत्र) भरला की निर्यातीवर कर शून्य. आणि तुमचं काम 44एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, व्यावसायिकांना अंदाजाने मिळकत धरू देणाऱ्या आयकराच्या तरतुदीत बसत असेल, रोखीने फार घेत नसाल, तर 75 लाखांपर्यंत जमेच्या निम्मीच मिळकत धरता येते. या भाबडेपणावर कर किती बसतो ते एकदा काढा.

सांगलीची_मैना
हे मात्र खरं. माझा भाऊ तसंच करतो आणि मला हसतो.

कोथरूडचा_कोडर
निम्मीच? मग माझं 30 टक्क्यांचं गणित पहिल्याच ओळीत चुकलं म्हणायचं. पण ग्राहकाच्या खरेदी विभागाचा मुद्दा मी सोडत नाही, मला तोच त्रास आहे.

ठाण्याची_सीए
तो सोडूही नका. त्यासाठी कंपनी काढायची तर काढा, 35 टक्के धरून हिशेब करा. अर्ज गेला का?

कोथरूडचा_कोडर
उद्या सही करणार होतो.

ठाण्याची_सीए
उद्या आधी बँकेत जा. एफसीचा फॉर्म मागा, आणि काउंटरवरचा 'ते काय असतं' म्हणाला तर परकीय चलनाच्या शाखेचा पत्ता घ्या.