चढणीचे मासे: पाग, कोयती की करंट? आणि मुळात मारावेत का?

वहाळकाठ (धागाकर्ता)
मिरगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, वहाळ (ओढे) गढूळ होऊन वाहू लागले की कोकणात चढणीचे मासे सुरू. मळये, खवळे, शिंगट्या अंडी घालायला उलट्या पाण्यातून वर, पार भाताच्या खाचरांपर्यंत चढतात. रायगडात यालाच वलगण म्हणतात. आणि दरवर्षी आपण मासे मारणारेच आपसात भांडतो. पागवाला (फेकजाळं टाकणारा) कोयतीवाल्याला नावं ठेवतो, कोयतीवाला करंटवाल्याला, आणि करंटवाला म्हणतो, मासा मेला तो मेलाच.

माझं मत सरळ आहे. शेतीपंपाच्या लाइनवर आकडा टाकून पाण्यात वायर सोडणं किंवा डोहात ब्लीचिंग पावडर ओतणं, यावर चर्चा कसली करायची? ते बंदच व्हायला हवं. पण पागाने धरतो म्हणून आपण धुतल्या तांदळासारखे ठरत नाही. चढणीची मादी हातात घेऊन बघा. पोट टम्म असतं, अंगठ्याने जरा दाबलं तरी गाभोळी (अंडी) बाहेर येते. तिला वर जाऊ द्या. पहिल्या पाण्याचे आठ-दहा दिवस वहाळात कुणी उतरू नये. श्रावण-भादव्यात मासे उतरणीला लागतात, तेव्हा धरा.

आस_मोठा_ठेवा
दादा, पटलं नाही. खाचरात चढलेल्या माशांचं पुढे काय होतं ते तुम्हीही बघितलंय. पावसाने चार दिवस दडी मारली की डबकी आटतात आणि बगळ्यांची चंगळ होते. किलोभराच्या रोहूच्या मादीत दोन-तीन लाख अंडी असतात. त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मोठे होतात, माणसाने हात लावला नाही तरी. मी मोठ्या आसाचा (मोठ्या भोकांचा) पाग टाकतो, बारका मासा त्यातून निसटून जातो. माझा राग आहे तो मच्छरदाणी आडवी लावून बोटाएवढी पिल्लं गोळा करणाऱ्यांवर.

रातपाळी
पागवाल्यांनी कोयतीला क्रूर म्हणणं बंद करावं. बॅटरीच्या उजेडात मासा दिसतो, केवढा आहे ते कळतं, मग वार. नको तो मी सोडतो. पाग पडला की आत काय आलंय ते वर ओढल्यावरच कळतं.

आस_मोठा_ठेवा
आणि वार चुकला तर? पाठ चिरलेला मासा गढूळ पाण्यात निसटतो आणि पुढे कुठेतरी कपारीत मरतो. तो कुणाच्याच टोपलीत येत नाही. पागातला जिवंत मासा निदान परत सोडता तरी येतो.

रातपाळी
येतो. सोडतं कोण?

वाडीवरून
मी कातकरी वाडीतला. वीटभट्टी पावसाच्या तोंडावर बंद होते, लावणी अजून लागलेली नसते. त्या मधल्या दिवसांत वलगण हेच आमचं कालवण, आणि चार मासे विकले तर मीठ-मिरची. तुम्ही गाडी काढून हौसेने येता, रिकाम्या हाताने गेलात तरी रात्री घरी जेवता. आठ-दहा दिवस बंद म्हणणं तुम्हाला सोपं आहे. आम्ही बांबूची किव (मासे अडकवायचा सापळा) लावतो, सकाळी काढतो. करंटने आमची पोरं मरतात, मासे नंतर.

डोहकरी
जुने लोकही विष वापरायचेच की. रामेठ्याची (एका विषारी झुडपाची) साल कुटून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. तेव्हा कुणी नीतीच्या गप्पा मारल्या नाहीत.

वहाळकाठ
डोहकरी, ते उन्हाळ्यात, आटलेल्या डोहात, अख्खा गाव मिळून व्हायचं आणि वाटे घरोघर जायचे. तरी मी त्याचंही समर्थन करणार नाही, मोठ्याबरोबर पिल्लंही जायचीच. १८९७ च्या मत्स्य कायद्यातच पाण्यात सुरुंग फोडणं आणि विष घालणं गुन्हा ठरवलाय. त्यातली शिक्षा २ महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. आज २०० रुपयांना कोण घाबरतो? म्हणून गावानेच ठरवायला हवं.

वाडीवरून, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, बिगरयांत्रिक होडीला ती लागू नसते. तोच भेद इथे का नको? ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांची किव चालू द्या, आपण हौशी लोक बाहेर राहू. यात मीही आलो, यंदा माझा पाग माळ्यावरच राहील.

आस_मोठा_ठेवा
हौशी कोण हे ठरवणार कोण? माझ्या घरी मे महिन्याचा सुका बाजार (सुकी मासळी) संपलेला असतो, मीही चार घरांत मासे देतो. आणि वाशिष्ठीच्या खाडीत रसायनांनी मासे मेल्याच्या बातम्या येतात तेव्हा सगळे गप्प, इथे दोन मळये धरले की पाप!

वहाळकाठ
रसायनांवर वेगळा धागा काढा, तिथेही एवढंच ठासून लिहीन. पण कारखान्याने मारले म्हणून आपण गाभोळीची मादी मारावी, हे मला मान्य नाही.

वाडीवरून
एक सांगतो. किव लावताना अख्खा वहाळ अडवू नये, एका कडेने हातभर पाणी मोकळं सोडावं. आमचा आजा तसंच करायचा. आता काही जण दोन्ही काठांपर्यंत दगड रचतात, आमच्या वाडीतलेही. त्यांच्याशी मीच बोलेन. तुम्ही तुमच्या करंटवाल्यांशी बोला.