तालुक्यातील मुलांच्या मानसोपचाराची माहिती : कोणते आकडे मागावेत, कोणते जाहीर करावेत?

काटेसावर (प्रश्न; चर्चेतील सर्व नावे टोपणनावे)

मी मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील एका मुलाने वर्गात बोलणे जवळजवळ सोडून दिले. त्याची ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी मुद्दाम गाळतो आहे. वर्गशिक्षिकेच्या ते वेळीच लक्षात आले, शाळा तपासणीला आलेल्या आरोग्य पथकातील डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाची आई त्याला घेऊन मंगळवारी पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी गेली. केसपेपर काढून, रांगेत तासभर थांबून झाल्यावर तिला सांगण्यात आले की, मुलांना बुधवारी तपासतात. पुढच्या बुधवारी ती पुन्हा गेली, तेव्हा डॉक्टर तालुक्याच्या शिबिराला गेलेले होते. तूर काढणीच्या दिवसांत दोन खाडे झाले होते. तिसऱ्यांदा ती गेली नाही आणि तिला दोष देण्याची माझी तरी हिंमत नाही.

या प्रकरणात कोणी हयगय केली असे मला वाटत नाही. वर्गशिक्षिकेपासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाने आपापले काम केले; फक्त कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोण भेटेल ही एका ओळीची माहिती त्या माउलीपर्यंत पोहोचली नाही. म्हणून आम्ही समितीत ठरवले आहे की, तालुक्यापुरता एक तक्ता तयार करून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नियमित द्यायचा. त्यासाठी शासनाकडे आधीपासून असलेली कोणती आकडेवारी उपयोगी पडेल, ती कोणाकडे मागावी आणि कोणती माहिती जाहीर केल्यास मुलांचेच नुकसान होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आकडेमोड

प्रथम काय हाती लागणार नाही ते सांगतो, म्हणजे आपली धावपळ वाचेल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आधार बहुतेक लेखांत घेतला जातो. परंतु २०१५-१६ मध्ये बंगळूरुच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेले ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. मुख्य पाहणी प्रौढांची होती. १३ ते १७ वर्षे हा वयोगट फक्त चार राज्यांत प्रायोगिक स्वरूपात पाहिला गेला आणि तेथे मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. हा आकडा तालुक्यातील मुलांच्या संख्येला गुणून 'आपल्याकडे इतकी मुले आजारी' असे फलकावर लिहिण्याचा मोह होईल, तो टाळावा. गुणाकार बरोबर येईल, पण त्यातून निघणारी संख्या आपल्या तालुक्याची नसेल.

दुसरा नेहमीचा आधार म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली; त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. ही नोंद पोलीस ठाण्यांतून येते, 'विद्यार्थी' या रकान्यात महाविद्यालयीन तरुणही असतात आणि मुख्य म्हणजे जे मूल वेळेवर दवाखान्यात पोहोचले किंवा वाटेतून परत फिरले, त्याचा या अहवालात मागमूस नसतो. सारे हातचे गेल्यानंतरचा हा हिशेब आहे. पालकांच्या गटावर तो टाकून घबराट पसरेल, त्या आईला मात्र बुधवार कळणार नाही.

आरोग्य संस्थांच्या मासिक अहवालांत बाह्यरुग्ण विभागात आलेल्या मानसिक रुग्णांची संख्या असते. ती वयोगटानुसार फोडलेली नसते, त्यामुळे त्यांत मुले किती हे वेगळे काढता येत नाही. थोडक्यात, मुलांना कोणते आजार आहेत आणि किती, याचा शोध समितीने घेऊ नये. तपासणी झाली किती मुलांची, चिठ्ठी मिळाली किती जणांना, त्यांपैकी जिल्ह्याला पोहोचली किती आणि दुसऱ्यांदा गेली किती, हे चार आकडे मागावेत. दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यात जेवढे अंतर, तेवढे आपले काम.

जुने पथक

मी काही वर्षे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात वैद्यकीय अधिकारी होतो. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. अंगणवाड्यांची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळांची एकदा व्हावी, अशी त्याची रचना आहे. जन्मजात व्यंगे आणि दातांच्या किडीबरोबरच वर्तनातील दोष, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता आणि आकलनातील विलंब यांचाही तपासणीच्या यादीत समावेश आहे, हे अनेक शिक्षकांना ठाऊक नसते.

वर मागितलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन पथकाच्या नोंदवहीत निश्चित मिळतील. खरी अडचण तिसऱ्यापासून सुरू होते. आमची वही माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे : मुलाचे नाव, वय, शाळा, आढळलेला दोष, मग 'संदर्भित' (म्हणजे पुढे पाठवले) हा रकाना आणि त्याच्या शेजारी संदर्भ सेवेचे पुढे काय झाले ते लिहिण्याची जागा. हृदयाला छिद्र असलेल्या मुलाच्या ओळीत ही शेवटची जागा भरलेली असे, कारण त्याच्या शस्त्रक्रियेचा पाठपुरावा वरून होत असे. वर्तनाच्या किंवा अभ्यासातील अडचणींच्या मुलांपुढे मात्र 'संदर्भित' एवढा शब्द आणि पुढे कोरा कागद, पानेच्या पाने. आम्ही चिठ्ठी देत होतो, जिल्ह्याचा मनोविकार विभाग स्वतःच्या वहीत रुग्ण लिहीत होता आणि या दोन वह्या एकमेकींना कधी भेटत नव्हत्या. मीही त्या कोऱ्या जागेकडे पाहून पान उलटत असे, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. पथकाने दिलेल्या चिठ्ठीवर फक्त एक अनुक्रमांक असावा. मूल जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पोहोचले की तेथील परिचारिकेने तोच क्रमांक आपल्या वहीत लिहावा आणि महिनाअखेरीस केवळ क्रमांकांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे परत यावी. त्यात नाव नको, निदानही नको. जे क्रमांक परतले नाहीत, त्या घरी शिक्षकांनी किंवा आशाताईंनी जाऊन कारण विचारावे. माझ्या अनुभवात 'आम्हाला उपचार नकोत' असे म्हणणारी घरे थोडी असत. चुकीचा वार, बुडणारी मजुरी, सोबतीला कोणी नसणे आणि 'वेड्यांच्या दवाखान्यात पोराला नेले' असे लोक म्हणतील ही भीती, हीच कारणे फिरून फिरून येत.

वारांविषयी एक गोष्ट. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक तालुक्याच्या ठिकाणी भेटी देते, तेव्हा त्या भेटींचा आगाऊ फिरती कार्यक्रम कागदावर तयार असतो. तो जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाकडे मागा. बहुधा अर्ज करण्याचीही गरज पडणार नाही. तो कधी कोणी मागितलेलाच नसतो. मुलाची आई बुधवारी जिल्ह्याला जाण्याऐवजी डॉक्टरच गुरुवारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येत असतील, तर अर्धा प्रश्न तेथेच सुटतो.

जुनी पाटी

मी ३४ वर्षे शिक्षिका होते आणि मला या साऱ्या उपक्रमाची काळजी वाटते. आमच्या शाळेत एकदा बाहेरच्या मंडळींनी 'लक्ष देण्याची गरज असलेल्या' मुलांची यादी करायला लावली. हेतू चांगला होता. यादी कार्यालयातील काचेखाली ठेवली गेली, शिपायाने पाहिली आणि आठ दिवसांत मैदानावर त्या मुलांना नवी नावे पडली. त्यांपैकी एका मुलीच्या वडिलांनी तिची शाळाच बदलली. आकडे निनावी असतात असे आपण म्हणता. पण ज्या गावात सातवीच्या वर्गात ११ मुले आहेत, तेथे 'सातवी : १' असे लिहिणे आणि नाव लिहिणे यांत काय फरक आहे?

यादी करणाराचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी ती वाचणाराचा हेतू आपल्या हातात नसतो. माझ्या मते शाळेच्या पातळीवरचा कोणताही आकडा बाहेर जाऊ नये.

लीड्सकर

जुनी पाटी ताईंचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यावर इंग्लंडमध्ये काढलेली तोड सांगतो. मी येथे आरोग्यसेवेच्या आकडेवारीचेच काम करतो. मानसिक आरोग्य सेवांची मासिक आकडेवारी येथे सर्वांसाठी प्रसिद्ध होते, मुलांचीही. परंतु एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी संख्या असेल, तर तेथे तारांकन छापतात आणि बाकीच्या संख्या पाचच्या पटीत आणतात. त्यामुळे बेरजा तंतोतंत जुळत नाहीत आणि त्या जुळू नयेत हाच उद्देश असतो, नाहीतर वजाबाकी करून लपवलेला आकडा कोणीही काढील. आपल्या तालुक्यात शाळावार तक्ता न करता संपूर्ण तालुक्याचा आणि महिन्याऐवजी तिमाहीचा एकच आकडा दिला, तर ११ मुलांचा वर्ग त्यात विरघळून जाईल.

येथे सगळे सुरळीत आहे असा समज मात्र करून घेऊ नका. मुलांना महिनोन्महिने थांबावे लागते. फरक इतकाच की, इंग्लंडच्या बाल आयुक्त कोणत्या भागात किती मुले किती दिवस थांबली आणि कोठे किती खर्च झाला हे अहवालातून मांडतात, त्यामुळे 'आमच्याकडे प्रश्नच नाही' असे म्हणून कोणत्याही भागाला सुटता येत नाही.

आकडेमोड

दोन कायदेशीर आधार द्यायचे राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा आणि लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यावी. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की, किती विद्यार्थ्यांना पुढे पाठवले याच्या निनावी नोंदी ठेवून वार्षिक अहवाल द्यावा, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे आपण मागत असलेला कागद आपली हौस नसून संस्थांचे कर्तव्य आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमण्याचेही त्यांत सांगितले आहे. पहिले पत्र त्यांनाच लिहावे.

दुसरा आधार मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील कलम १८. शासनाने पुरवायच्या सेवांत मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे आणि किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यातील दुसरीकडच्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, अशीही तरतूद आहे. आता विचार करा, सेवा उपलब्ध नव्हती हे सिद्ध कशावरून करणार? ती आई परत गेली याची नोंद कोठेच नसेल, तर कागदोपत्री ती आलीच नव्हती.

माहिती अधिकारात अर्ज करायचा झाल्यास 'जोडपत्र अ' भरून १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे आणि प्रश्न विचारण्याऐवजी असलेल्या कागदाच्या प्रती मागाव्यात. 'किती मुलांना उपचार मिळाले?' असे विचारले की 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हे उत्तर ३० व्या दिवशी हमखास येते. 'गेल्या सहा महिन्यांच्या मासिक अहवालांच्या प्रती आणि फिरती कार्यक्रम' असे लिहिले, तर प्रत द्यावी लागते. मुलांची नावे असलेली पाने मागूच नयेत. ती मिळणार नाहीत आणि मिळू नयेतही.

काटेसावर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल समितीची बैठक झाली आणि जुनी पाटी ताईंची सूचना मी वाचून दाखवल्यावर तक्त्याचे दोन भाग करण्याचे ठरले. फलकावर केवळ सेवेची माहिती राहील : ग्रामीण रुग्णालयात पथक येण्याची तारीख, जिल्हा रुग्णालयात मुलांच्या तपासणीचा वार आणि खोली क्रमांक, पहिल्या एसटीची वेळ आणि टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जो चोवीस तास चालतो आणि जेथे मराठीत बोलता येते. चार आकडे तालुक्याच्या पातळीवर, तिमाहीचे, पाचाखालील संख्या झाकून, फक्त तालुका आरोग्य अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांच्या बैठकीत मांडले जातील. शाळेचा आकडा शाळेबाहेर जाणार नाही.

फिरती कार्यक्रमाविषयी जुने पथक यांचा अंदाज खरा ठरला. मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या ताई क्षणभर थांबल्या, 'कशाला हवा आहे?' असे विचारले आणि लगेच त्याचा फोटो पाठवून दिला. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी पथक आमच्या तालुक्यातच येते, एसटीने पंचवीस मिनिटांच्या अंतरावर. वर्गशिक्षिका उद्या त्या घरी जाणार आहेत. एकच शंका उरली : ऐन वेळी भेट रद्द झाली, तर ती फलकावर कोणी आणि किती वाजेपर्यंत खोडायची?

जुने पथक

आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत. पथकाची गाडी कोणत्या तालुक्याला लागणार हे साधारण तोपर्यंत ठरलेले असते. वाहनचालकाचा क्रमांक घेऊन ठेवा. कार्यालयाच्या आधी त्याला कळते.

जुनी पाटी

आणि फलकावर 'मनोरुग्ण तपासणी' असे लिहू नका. 'मुलांच्या अभ्यास, झोप आणि वागणुकीविषयी सल्ला' असे लिहा. मी असते, तर त्याच फलकाखाली उभी राहून वाचले असते; पहिला फलक मात्र लांबूनच वाचून निघून गेले असते.