बाबांनी थेंबही घेतला नाही, तरी लिव्हरमध्ये गाठ?

ऐरोलीची_मुलगी: बाबा 63 वर्षांचे, माळकरी. दिवाळीपासून जेवण कमी झालं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. आम्हाला वाटलं शुगर असेल. मग उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणाले. सीटीत 4.6 सेंमीची गाठ, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) मात्र नॉर्मल. कावीळ नाही, पोटात पाणी नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण आईला बाजूला घेऊन विचारतो, "घ्यायचे का हो?" दारू नसताना हे कसं होतं? आणि एएफपी नॉर्मल म्हणजे गाठ साधी असेल का?

निवृत्त_सिस्टर_नौपाडा: अगं, लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. 29 वर्षं पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात काढली. दारूचे पेशंट असायचेच, पण हिपॅटायटिस बी नाहीतर सी अंगात मुरलेले, कधी ग्लास न धरलेलेही पाहिलेत. बी बऱ्याचदा जन्मताना आईकडून किंवा लहानपणीच लागतो आणि चाळीस-चाळीस वर्षं गप्प बसतो. सीमध्ये बहुधा आधी सिऱ्हॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) होतो. बी मात्र सिऱ्हॉसिस नसतानाही कॅन्सर करू शकतो. वर दारू, शुगर असली तर जोखीम आणखी वाढते. (बुरशी आलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विषही त्यातलंच. निवडून कूट करत बसू नका, फेका.)

एएफपीवर विसंबू नका, कॅन्सर असूनही ते नॉर्मल येतं. सीटी ट्रायफेजिक (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेली) होती का बघ. डाय सोडल्यावर गाठ आधी उजळली आणि मग बाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडली, तर बी असलेल्या पेशंटमध्ये ती कॅन्सरचीच धरतात, बऱ्याचदा बायोप्सीही लागत नाही.

आमच्याकडे यायचे ते उशिरा. पोट फुगलेलं, पाय सुजलेले, शौचाला काळं. ठीक चाललेला सिऱ्हॉसिसचा पेशंट अचानक ढासळला, पाणी भराभर भरू लागलं, की आमचे सर म्हणायचे, "आधी गाठ शोधा." तुझे बाबा त्या अवस्थेत नाहीत, म्हणून तर आता दिवस घालवू नका.

कोपरखैरणे_सेक्टर१९: माझ्या आईला ना दारू, ना बी, तरी तेच झालं. वीस वर्षांची शुगर आणि दर रिपोर्टात "थोडं फॅटी". त्या "थोडं"कडे आम्ही कुणी पाहिलंच नाही. खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र आहे. जाताना सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको.

ऐरोलीची_मुलगी: ट्रायफेजिकच होती. रिपोर्टात अगदी तेच लिहिलंय, उजळते आणि मग काळी पडते. सोमवारी खारघर. काकूने बाबांचं ताट-तांब्या वेगळा काढलाय, ते बरोबर आहे का?

निवृत्त_सिस्टर_नौपाडा: अजिबात नाही, परत ठेव! जेवणातून बी लागत नाही. वस्तरा, ब्रश, नेलकटर मात्र वेगळं. घरातल्या सगळ्यांची, बाबांच्या भावंडांचीही एचबीएसएजी करा. निगेटिव्ह असतील त्यांना डॉक्टरांना विचारून लस द्या.

ऐरोलीची_मुलगी: रिपोर्ट आले. आई आणि मी निगेटिव्ह. कळव्याची आत्या पॉझिटिव्ह. आजी गेली तेव्हा तिच्या पोटात पाणी झालं होतं म्हणे, गावात सगळे करणी म्हणायचे. आत्याची सोनोग्राफी परवा सकाळी आहे. उपाशी न्यायचं ना?

निवृत्त_सिस्टर_नौपाडा: हो, सहा तास. चहासुद्धा नको. आणि एकदाच करून थांबू नका, पुढे दर सहा महिन्यांनी करायची का ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.