विवी सावळी चालते, मग मोतोको गोरी का नाही? सविस्तर उत्तर

वाफाळता
काल एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "वन पीसमधली विवी मुळात गोरीपान. तिथं चरित्रा चंद्रनला घेतलं तर सगळे खूश. हेच लोक २०१७ मध्ये 'घोस्ट इन द शेल'च्या वेळी स्कार्लेट जोहान्सनच्या नावानं बोटं मोडत होते. एक तर दोन्ही चालवून घ्या, नाहीतर दोन्हीकडे बोंब मारा." खाली अनुमोदनांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: 'वन पीस' ही ओडाची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा; तिच्यावरच्या नेटफ्लिक्सच्या मालिकेत राजकन्या विवी भारतीय वंशाची चरित्रा करते. 'घोस्ट इन द शेल' हा हॉलिवूडपटही मांगावरूनच.

विवीपासून सुरू करू. अलाबास्ता हे वाळवंटातलं राज्य. राजघराण्याचं नाव नेफर्तारी. दोन रक्षकांपैकी पेल ससाणा होतो आणि चाका कोल्हा. होरस आणि अनुबिस हे इजिप्तचे देव ओळखायला इजिप्तचा अभ्यास लागत नाही. त्या राज्याची राजकन्या सावळी दिसली तर कथेतलं नेमकं काय गेलं? विवी गोरी नसेल तर कोलमडेल असा एक प्रसंग मला दाखवा.

आता मोतोको कुसानागी, 'घोस्ट इन द शेल'ची नायिका, यंत्राचं शरीर असलेली 'मेजर'. नाव जपानी, तिचं पोलीस पथक सेक्शन नाइन जपानी सरकारचं. शिरो मासामुनेची मांगा १९८९ ची, दिग्दर्शक ओशीचा ॲनिमेपट (जपानी ॲनिमेशन सिनेमा) १९९५ चा. "शरीर यंत्राचंच आहे, मग चेहरा कुणाचाही चालेल" हा मुद्दा मी ऐकून घेतला असता. पण २०१७ च्या सिनेमानं काय केलं? मेजरचं नाव ठेवलं मीरा किलियन. मग शेवटाकडे कळतं की ती मुळात मोतोको, घरातून पळालेली जपानी मुलगी. कंपनीनं तिला धरलं, आठवणी पुसल्या आणि मेंदू गोऱ्या बाईच्या शरीरात बसवला. मेजर ज्याच्या मागावर असते त्या कुझेचंही तेच, तो मुळात हिदेओ. म्हणजे जपानी पोरं पकडून त्यांना गोरं करणारी कंपनी कथेत आहे, आणि त्यावर अख्ख्या सिनेमात कुणी चकार शब्द काढत नाही! मेजर आईच्या घरी जाते. आई झालेली काओरी मोमोई तिच्याशी आपल्या मुलीबद्दल बोलते, तिला काहीतरी जाणवतं, पण समोरचा चेहरा दुसऱ्याच वंशाचा आहे हा विषयच निघत नाही. इतका भयंकर प्रश्न लेखकांनी स्वतः उभा केला आणि स्वतःच त्याला बगल दिली.

वंश बदलला की बदलला, असं नसतं. कथा त्यावर उभी आहे का, आणि बदलल्यावर त्याची जबाबदारी घेतलीत का, हे बघावंच लागतं.

कट्टेकरी
मूळ प्रतिसाद माझाच आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो.

रंगीत पानांवर विवी गोरी आहे. ओडानं तिला तशी रंगवली, म्हणजे त्याला तशी हवी होती. इजिप्त तुम्ही तुमच्या सोयीनं बाहेर काढताय. उद्या कुणी म्हणेल वन पीसमधल्याच वानो देशातले लोक समुराई वाटतात पण जपानी असायलाच हवेत असं कुठंय, तर चालेल?

दुसरं, मूळ कर्त्याची संमती. वन पीसच्या वेळी "ओडाला पसंत पडल्याशिवाय नेटफ्लिक्स मालिका आणणार नाही" हे सगळे छाती फुगवून सांगत होते. मग ओशीनं स्कार्लेटच्या निवडीला आपला आक्षेप नाही असं जाहीरपणे सांगितलं, ते का मोजायचं नाही?

तिसरं आणि मुख्य. जपानी लोक स्वतः काय करतात? 'फुलमेटल अल्केमिस्ट' २०१७: एडवर्ड एल्रिक, युरोपसारखं जग, सगळे नट जपानी. 'अटॅक ऑन टायटन' २०१५: तेच. 'थेर्माए रोमाए' २०१२: प्राचीन रोममधला स्थापत्यकार लुसियस कोण, तर हिरोशी आबे! तेव्हा वंशाच्या नावानं कुणी गळा काढला नाही. जपान्यांनी रोमन साकारला की कौतुक आणि अमेरिकनांनी जपानी साकारला की पाप. याला दुटप्पीपणाच म्हणतात.

निशिकासाईकर
तोक्योत बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. ऑफिसातल्या जपानी मंडळींशी यावर बोलणं झालंय. बहुतेकांना स्कार्लेटचं काहीच वाटलं नव्हतं. "हॉलिवूडचा सिनेमा म्हणजे हॉलिवूडची नटी असणारच," एवढंच. शिवाय इथं डब आवृत्तीत मेजरला आवाज होता आत्सुको तानाकांचा, १९९५ च्या ॲनिमेपटातलाच. मेजरच्या सहकाऱ्यांपैकी बातोचा ओत्सुका, तोगुसाचा यामादेरा, तेही तेच. आमच्या टीममधला एक ज्येष्ठ त्या तीन आवाजांसाठी गेला होता आणि खूश होऊन आला.

त्यांचा खरा राग वेगळाच असतो: विग. जपानी लाइव्ह ॲक्शनमधले ते पिवळे, निळे, चकाकणारे विग! मांगात केस हवेत उभे राहतात म्हणून माणसाच्या डोक्यावरही तसेच उभे करायचे. शिवाय कुठल्या तरी आयडॉल ग्रुपमधला पोरगा आणून नायक करायचा, कारण त्याचे चाहते तिकिटं घेतात. इथल्या चाहत्यांना "अमुक मांगावर सिनेमा येतोय" हे कळलं की आधी पोटात गोळा येतो. वंश वगैरे त्यानंतर.

ओवी_जर्सी
@निशिकासाईकर, तुमच्या सहकाऱ्यांना काही वाटलं नाही यात नवल ते काय? त्यांच्याकडे टीव्ही लावला की नायक जपानी, नायिका जपानी, खलनायक जपानी. त्यांची एक भूमिका गेली तर काय बिघडतं?

इथं न्यू जर्सीत माझ्या लेकीची मैत्रीण आहे, आईवडील जपानी, पोरगी इथंच जन्मलेली. शाळेच्या नाटकात दरवर्षी ऑडिशन देते आणि दरवर्षी नायिकेची मैत्रीण होते. तिला घोस्ट इन द शेलबद्दल विचारा. ती म्हणते, मेजर तरी आमच्यासारखी दिसेल असं वाटलं होतं. तिच्यासारख्यांना हॉलिवूडमध्ये आशियाई नायिका म्हणून जे हातावर मोजण्याइतकं मिळतं, त्यातलंच एक गेलं. 'ऑल यू नीड इज किल' या जपानी कादंबरीचा नायक केइजी किरिया हॉलिवूडमध्ये टॉम क्रूझ झाला. २००९ मध्ये 'ड्रॅगनबॉल'चा गोकू जस्टिन चॅटविन झाला, आणि तो गोकू मूळचा चिनी कथेतला माकडराजा सुन वुकोंग! ओशीचं "आक्षेप नाही" या मुलीच्या काय कामाचं?

कट्टेकरी
म्हणजे आता मांगा वाचणाऱ्या जपान्यांपेक्षा न्यू जर्सीतल्या नाटकाच्या वर्गाला जास्त अधिकार? बरं.

पण मग 'ओल्डबॉय'चं काय ते सांगा. मूळ जपानी मांगा. २००३ मध्ये पार्क चान-वूकनं कोरियन केली आणि जग डोक्यावर घेऊन नाचलं. जपानी नायक कोरियन झाला, जपान-कोरियाचा इतिहास काय आहे तो आहेच, तरी कुणी ब्र काढला नाही. 'हाना योरी दांगो' ही मांगा तैवाननं केली, कोरियानं केली, चीननं केली. सगळीकडे वंश बदलला. मग गोऱ्यांनाच बंदी का?

वाफाळता
बंदी कुणी घातली? ओल्डबॉयमध्ये गाव बदललं, नावं बदलली, माणसं पूर्ण तिथली झाली. त्यांनी कथा उचलली आणि आपल्या मातीत रुजवली. नेटफ्लिक्सच्या 'डेथ नोट'मध्ये मांगाचा नायक लाइट यागामीचा लाइट टर्नर झाला आणि कथा सिॲटलला गेली. माझा त्याला वंशावरून आक्षेप नाही. लाइटचा थंड मेंदूच काढून टाकला यावरून आहे, आणि तो जन्मभर राहील.

आपल्याकडचंच बघा ना. 'क्योजिन नो होशी' या १९६० च्या दशकातल्या बेसबॉल मांगावरून 'सूरज: द रायझिंग स्टार' झालं, २०१२ मध्ये कलर्सवर लागायचं. ते ॲनिमेशन होतं, पण मुद्दा तोच. बेसबॉलचं क्रिकेट, तोक्योची मुंबई, होशी ह्यूमाचा सूरज. बापानं पोराच्या अंगाला बांधलेल्या स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. कुठल्याही जपानी माणसाला यात आपली चोरी झाली असं वाटायचं कारण नाही, कारण सूरज हा सूरजच आहे. घोस्ट इन द शेलनं शहर आशियाई ठेवलं, ताकेशी कितानोला जपानीत बोलायला लावलं, भिंतीभिंतींवर जपानी अक्षरं टांगली. सजावट सगळी हवी, नायिका तेवढी नको. माझं दुखणं ते आहे.

आणि 'अटॅक ऑन टायटन'चं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. मूळ मांगात नायिका मिकासाच्या आईला पळवायला लोक येतात ते ती आशियाई वंशातल्या शेवटच्या काहींपैकी आहे म्हणून. मिकासाचं सगळं बालपण त्या रात्री फिरतं. २०१५ च्या सिनेमात सगळेच जपानी, त्यामुळे तो धागाच उरला नाही. जपान्यांनी केलं म्हणून मी ते चालवून घेत नाही.

शिंगाडा
देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला तेव्हाही हेच. घ्यायचं तर पूर्ण घ्यावं. वाफाळता यांच्याशी सहमत.

रानजाई
सगळं वाचलं. जपान झालं, अमेरिका झाली, कोरिया झाला. आपल्या घरात काय चाललंय?

हिंदी सिनेमात 'सुपर ३०'साठी हृतिकला काळं केलं. मराठीत 'रंग माझा वेगळा'ची कथाच सावळ्या मुलीला भोगावा लागणारा भेदभाव ही, आणि त्या भूमिकेसाठी नायिकेला मेकअपनं सावळं केलं! रोज संध्याकाळी घराघरात दिसत होतं. किती जणांनी धागे काढले?

माझी धाकटी बहीण सोलापुरात प्रायोगिक नाटकं करायची. मुंबईत एका मालिकेच्या ऑडिशनला गेली, भूमिका गावाकडच्या सावळ्या शिक्षिकेची. तिला वाटलं ही आपलीच. आत दोन पानांचा उतारा वाचला, सगळ्यांना आवडला. मग कॅमेऱ्यामागच्या बाईंनी तिच्या हाताजवळ एक रंगपट्टी धरली, भिंतीचा रंग निवडताना धरतात तशी, आणि म्हणाल्या, "आम्हाला सावळी हवीय, पण बेस गोरा हवा, म्हणजे पुढे मेकओव्हर दाखवता येतो." बहीण परत आली ती थेट बी.एड.ला बसली. आता खरीच शिक्षिका आहे.

कट्टेकरी
वाईट वाटलं, पण हे अवांतर आहे. धागा मांगाचा आहे.

रानजाई
अवांतर कसं? सावळी मुलगी विवी झाली म्हणून तुम्हाला त्रास झाला, तिथूनच हा धागा निघाला. तुमच्या मूळ प्रतिसादात "गोरीपान" हा शब्द कशाला होता?

शिंगाडा
रानजाई, भावना समजतात, पण मेकअपला सरसकट गुन्हा ठरवू नका. मी हौशी रंगभूमीवर रंगभूषा केली आहे. तरुणाला म्हातारा करायचा, गोऱ्याला सावळा करायचा, जे नाही ते दाखवायचं हीच कला. बालगंधर्वांनी भामिनी, सिंधू साकारल्या तेव्हा "ही भूमिका बाईचीच" म्हणून अडवलं असतं तर मराठी रंगभूमी केवढ्याला मुकली असती.

ओवी_जर्सी
काका, बालगंधर्वांचं उदाहरण नेमकं उलटं आहे हो. घरंदाज बाईला रंगमंचावर पाऊल ठेवायची सोय नव्हती म्हणून पुरुष बायका करत होते. गंधर्वांची थोरवी कुणीच नाकारत नाही. पण त्याच काळात गाता गळा असलेल्या किती बायका घरात बसल्या? हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढली, तेव्हा त्यांना किती ऐकून घ्यावं लागलं असेल? दार बंद असताना आतल्यांनी उत्तम काम केलं म्हणून दार बंद ठेवणं बरोबर ठरत नाही.

शिंगाडा
तेव्हाच्या समाजाला आजच्या फूटपट्टीनं मोजायची फॅशन झाली आहे. रंगभूषेबद्दल बोलत होतो, तुम्ही थेट स्त्रीमुक्तीवर आलात.

रानजाई
रंगभूषाच बोलतेय मीही. तुम्ही तरुणाला म्हातारा करता, कारण साठीचा नट रोज दोन प्रयोग करू शकत नसेल. ते समजू शकते. सावळी मुलगी ऑडिशनला समोर उभी असताना गोरीला बोलावून रंग लावता, त्यात कुठली अडचण होती ते सांगा. पाच मिनिटांचं काम दोन तासांचं करायचं, रोज, शेकडो भाग. पैसा जास्त, वेळ जास्त. तरी करतात, कारण सावळी नायिका त्यांना नकोच असते, सावळ्या नायिकेची गोष्ट तेवढी हवी असते.

निशिकासाईकर
हे शेवटचं वाक्य घोस्ट इन द शेललाही तंतोतंत लागू पडतं.

कट्टेकरी
झालं! आता मला वर्णद्वेष्टा ठरवायचं तेवढं बाकी आहे. मी स्वतः काळा आहे. लग्नाच्या बाजारात दोन ठिकाणी त्यावरूनच नकार आलाय, तेव्हा मला शिकवू नका. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्या कागदावरच्या विवीवर शाळेपासून जीव लावला, ती पडद्यावर तशीच दिसावी. चाहत्याला एवढं वाटू नये का? प्रत्येक वेळी कुठला तरी वाद अंगावर घ्यायलाच हवा का?

संपादक
व्यक्तिगत शेरे टाळावेत. वरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

वाफाळता
@कट्टेकरी, वाटावं ना. कागदावरची विवी तशीच हवी म्हणणं आणि "दोन्ही प्रकरणं सारखीच" म्हणणं, यांत फरक आहे. पहिलं मी कधीच खोडलं नाही. दुसऱ्यावर हा धागा आहे.

कट्टेकरी
ठीक आहे. ओल्डबॉय आणि सूरजचं पटलं, मान्य करतो. पूर्ण घ्या नाहीतर घेऊ नका, हा नियम मला चालेल. मिकासाचाही मुद्दा बरोबर आहे, तो सिनेमा मलाही आवडला नव्हता. पण मग हाच नियम विवीला लावा. वन पीसमध्ये झोरो जपानी हवा म्हणून जपानी नट मॅकेन्यू आणला, ओडानं वाचकांना गमतीनं सांगितलेले देश म्हणून नामी स्वीडनची, सांजी फ्रान्सचा, हे सगळ्यांनी वेदवाक्यासारखं फिरवलं. नायक लुफी ब्राझीलचा म्हणाला होता, तिथं मेक्सिकोचा इन्याकी चालला. जिथं यादी सोयीची तिथं यादी, जिथं नाही तिथं "कथेला फरक पडत नाही". हे मला अजूनही खटकतं आणि खटकत राहणार.

वाफाळता
यादीचा मुद्दा रास्त आहे. मी तिचा आधार घेतला नव्हता, घेणारही नाही. इन्याकी लुफी म्हणून शोभतो तो मेक्सिकोचा म्हणून नाही, तो हसतो तेव्हा लुफी हसतो म्हणून. चरित्राला तेच जमलं की नाही, यावर भांडू.

रानजाई
@कट्टेकरी, नकाराचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्हाला ज्यांनी नाकारलं आणि बहिणीच्या हातापुढे रंगपट्टी ज्यांनी धरली, ती माणसं एकाच घरातली आहेत. तुम्ही त्यांच्या बाजूनं बोलू नका एवढंच.

कट्टेकरी
मी विवीच्या बाजूनं बोलतोय. अलाबास्ता पुन्हा वाचायला घेतलंय, त्यानंतरच चरित्राचं काम बघेन. नाही पटलं तर इथंच येऊन सांगेन, आणि तेव्हा रंगाचं एक अक्षर काढणार नाही.

शिंगाडा
रंगभूषेवर वेगळा धागा काढतो. इथं कुणी ऐकून घेत नाही.