जुन्या चित्रसंग्रहालयात एसी बसवायचाय, काय काय बघू?

मंडळी, मदत हवीये. इमारत जुनी दगडी, चुन्याचा गिलावा, दालनावर काचेचं छत. आत तैलचित्रं, त्यातली काही लाकडी फळीवर रंगवलेली. कमिटी म्हणते स्प्लिट एसी लावून टाकू, दिवसा चालू आणि संध्याकाळी कुलूप लावताना बंद. मला काही पटत नाहीये पण हातात मुद्दा नाही. २१ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रता कडक पाळावीच लागते ना?

पोपडे_मोजणारा:
रोज बंद करणार तिथेच घोळ आहे. ३० डिग्री, ६० टक्क्यांची हवा नुसती २४ वर आणली तर आर्द्रता ८५ च्या घरात जाते. एसी चालू असेपर्यंत कॉइलवर पाणी निघून जातं म्हणून ठीक, पण कॉम्प्रेसर कट झाला आणि पंखा चालूच राहिला की ओल्या कॉइलवरचं पाणी परत खोलीत. मग फळी रोज फुगणार, रोज आकसणार, वरचा जुना कडक रंग काही तेवढा ताणला जात नाही, सुटतो.

खाणीतला:
लंडनच्या नॅशनल गॅलरीचं सांगा कमिटीला. दुसऱ्या महायुद्धात त्यांची चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या स्लेट खाणीत होती, आत विटांच्या खोल्या बांधून साधारण १७ डिग्री आणि ४२ टक्के, रात्रंदिवस तेच. रंग सुटायचं जवळपास थांबलं, आणि १९४५ ला चित्रं घरी आली तर परत सुरू! ४२ म्हणजे तुमच्या ५० पेक्षा बरंच कमी बरं का, पण हलत नव्हतं.

ओल_भिंत:
२१/५० चा हट्ट सोडा. बिझो गटाचा (जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांचा गट) ग्रीन प्रोटोकॉल बहुतेक वस्तूंना १६ ते २५ डिग्री आणि ४० ते ६० टक्के चालतं म्हणतो. मला भीती इमारतीची वाटते. २० डिग्री, ५० टक्क्यांच्या हवेतलं पाणी ९ डिग्रीच्या आसपासच्या पृष्ठभागावर सुटतं, म्हणजे ५० टक्के राखायला थंडीत आत ओलावा सोडत बसलात तर ते काचेचं छत थेट चित्रांवर टपकणार. आधी वर्षभर लॉगर (तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवत राहणारं यंत्र) ठेवा, एक मध्यभागी आणि एक चित्राच्या मागे. तोवर फळीवाल्या चित्रांना मागून बंद काचेची फ्रेम करून आत ओलावा सांभाळणारं सिलिका जेल, दालनभर मशीन लावण्यापेक्षा खूप स्वस्त.

मूळ प्रश्नकर्ता:
लॉगर नाहीये, केसाचा जुना हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा) आहे. मध्यभागी ५५. बाहेरच्या भिंतीवरच्या एका चित्रामागे सरकवून दोन तास ठेवला तर ७४!! कॅनव्हास मागून हाताला गार लागतो.

ओल_भिंत:
आधी हायग्रोमीटर ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवा, ९५ च्या आसपास दाखवला तरच विश्वास ठेवा. आकडा खरा निघाला तर ते चित्र आजच आतल्या भिंतीवर हलवा. बाकीच्यांच्या फ्रेममागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, हवा खेळू दे.